दुतोंड्या मारुतीची कंबर

पुस्तकं बांधायच्या खळीचा आंबूस वास आला की नदीकाठच्या गल्लीतलं चाचांचं बाइंडिंगचं दुकान आठवतं. मी तेव्हा वाचनालयात ग्रंथपाल होतो, आमची फाटकी पुस्तकं त्यांच्याकडे पडली होती. धरणातून पाणी सोडल्याचं कळलं तसं चाचा म्हणाले, "साहेब, पुस्तकं माळ्यावर टाकून घेऊ का?" मी स्टुलावर बसून त्यातलीच एक जुनी उपहासात्मक कादंबरी वाचत होतो, घर कोसळो की जहाज बुडो, जे होतं ते भल्यासाठीच, असं सांगत सुटलेल्या त्यातल्या पंडिताला हसत होतो. मान वर न करता म्हणालो, "नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागल्याशिवाय पाणी या गल्लीत येत नाही, चाचा. आत्ताच बघून आलोय, गुडघ्याला आहे." पुस्तकं माझ्या जबाबदारीची, म्हणून त्यांनी गठ्ठे खाली होते तिथेच राहू दिले. पाणी नदीकडून आलंच नाही. मागच्या गटारातून उलटं वर आलं आणि बघता बघता सगळे गठ्ठे, खळीचं पातेलं, चाचांचं कटिंग मशीन बुडालं. चाचांनी दुकान पुन्हा उघडलं नाही. कोरडं ठाक राहिलं ते एकच पुस्तक, माझ्या हातातलं. अजून माझ्या कपाटात आहे. त्या पंडिताला हसायला मी ते पुन्हा उघडलेलं नाही.