लाल रकाने

सुमनमावशींना दिसत नाही. मोबाइल वाचून दाखवतो आणि त्या ऐकत ऐकत फॉर्म भरतात. काल हयातीचा दाखला भरत होत्या. आपण जिवंत आहोत, हे पेन्शनसाठी दरवर्षी कळवावं लागतं. शेवटचं बटण दाबलं, तर मोबाइल म्हणाला, "लाल रकाने भरणे आवश्यक आहे."

मावशी पुन्हा पहिल्यापासून एकेक रकाना ऐकत गेल्या. लाल कुठला, ते एकही रकाना सांगेना. पुन्हा बटण, पुन्हा तेच वाक्य. खोलीला कडी घालावी आणि ती फक्त डोळसांनाच सापडावी, असला हा प्रकार. रकान्यापुढे 'आवश्यक' एवढा शब्द लिहायला कुणाचे हात मोडले होते?

"द्या मावशी, मी भरते," म्हणत मी हात पुढे केला.

मावशींनी मोबाइल छातीशी धरला. "म्हणजे मी जिवंत आहे, हेही आता तूच सांगणार?"