गादी कुठं?

इंदूरच्या 'जुनी इंदूर' भागात आमच्या शेजारी राहणारे ते गृहस्थ लालबाग राजवाड्यात चोपदार होते. संस्थान गेलं, पण सवय राहिली. कुणाकडूनही निघताना ते पाठ फिरवत नसत, उलट्या पावलांनी दाराबाहेर जात. आमच्याकडून निघाले, की आई घाईनं वाटेतली बादली उचलायची.

सकाळी ते मला पेपर वाचायला लावत आणि दर बातमीला "जी, हुकूम" म्हणत. नवी घटना लागू झाली तेव्हा मी वाचून दाखवलं, की आता राज्य जनतेचं. ते म्हणाले, "वो तो ठीक है, भिया. पण मग गादी कुठं?" मी पुढची बातमी वाचायला घेतली.

पहिल्या निवडणुकीत ते दरबारी पगडी घालून आले. जोडे बाहेर काढले. मत टाकून पडद्याबाहेर आले, पेटीच्या दिशेनं मुजरा केला आणि उलटे चालत निघाले. रांगेत आम्ही सगळे हसू लागलो. तेवढ्यात ते मागच्या बाईला धडकले. आमची गल्ली झाडणारी होती ती. खराटा दाराशी टेकवून मत द्यायला आली होती.

ते वळले. तिच्याकडे पाहिलं, मग तिच्यामागच्या लांब रांगेकडे, आणि एकदम ओशाळले.

"माफ करा, बाई," ते म्हणाले, "गादी तर इकडे आहे, अन् मी इकडेच पाठ करून येत होतो."

आता पेटीलाही पाठ नको आणि रांगेलाही नको. म्हणून ते भिंतीला पाठ लावून, आडवे सरकत, दारापर्यंत गेले. तोवर आमचं हसू थांबलं होतं.