उलटी फळी

मला लिहायची सवय नाही. पण आमच्या सुनेबद्दल दुसरं कोण लिहिणार, म्हणून बसलो आहे. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

ती एका शेडमध्ये हार्नेस बांधते. गाडीत किंवा बोटीत दिव्यांपासून इंजिनापर्यंत ज्या वायरी धावतात, त्या आधी एका लांब फळीवर खिळ्यांच्या आधाराने पसरून एकत्र बांधतात. तो जुडगा म्हणजे हार्नेस. बोटीच्या कामाला ती मेण लावलेल्या दोऱ्याच्या गाठी मारते. दोऱ्याचं टोक दातात. दात पडल्यावर काय करशील, असं माझ्या मुलाने एकदा विचारलं, तर माझ्याकडे बघत म्हणाली, "बाबांची कवळी आहे की."

जिन्यावरून पडून तिचं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण अंगठा काही पूर्वीसारखा वळेना. शेडच्या मालकांनी माणुसकीनेच सांगितलं, आता लेबलं चिकटवायचं काम घ्या, पगार तोच. आम्हाला बरं वाटलं. तिला नाही. भरल्या ताटावरून उठवल्यासारखं तोंड करून घरी आली आणि माळ्यावरचं जुनं दार खाली काढायला लावलं.

त्या दारावर तिने हार्नेस आखला. खिळे मी ठोकले. काही वाकडे गेले, ते तिने सरळ केले. मग डाव्या हाताने सुरुवात झाली. वायर निसटायची, गाठ ढिली पडायची. मुलगा म्हणाला, हट्ट पुरे. ती नुसती "हं" म्हणाली आणि गाठ सोडून पुन्हा बांधू लागली.

एक दिवस तिने दारच फिरवलं, डोक्याकडचं पायाकडे. आता वायर डावा हात ओढणार, उजव्याने नुसता जुडगा धरायचा. हात चालू लागला. अडचण एकच, खिळ्यांजवळ लिहिलेली वायरींची नावं उलटी दिसत. तीही वाचायला शिकली. मग माझ्यासमोर बसून माझंच वर्तमानपत्र उलट्या बाजूने वाचायची आणि बातम्या माझ्याआधी सांगायची.

शेवटी मालकांकडे गेली, मला सोबत घेऊन. मासेमारीच्या बोटीचा हार्नेस बांधायचा होता. तो तपासणीत उतरला तर फळी तुमची, नाहीतर लेबलं, असं ठरलं. तिने फळी फिरवली तेव्हा शेजारच्या बायका हसल्या. दुपारपर्यंत हसू ओसरलं.

हार्नेस तपासणीच्या पेटीला जोडला. तिच्यावर वायरीगणिक एक दिवा; सगळे लागले, एक सोडून.  आमची सून त्या दिव्याच्या वायरीवरून बोट फिरवत टोकापर्यंत गेली. तिथलं टर्मिनल, म्हणजे वायरीच्या टोकावर पकडीने दाबून बसवायचं धातूचं टोक, नीट दाबलं गेलं नव्हतं, अंगठ्याचा जोर कमी पडला होता. तिने ते कापलं, नवं घातलं, पकडीची एक दांडी टेबलावर टेकवली आणि दुसरीवर कोपराचा भार दिला. दिवा लागला.

"पहिल्यांदा लागला नव्हता," मालक म्हणाले.

"नव्हता. चूक माझीच. बाकीची टर्मिनलंही आता अशीच दाबते, मग ओढून बघा."

तिने सगळी पुन्हा दाबली. मालकांनी एकेक वायर जोर लावून ओढली. एकही सुटली नाही. कपाळ पुसत ते तिच्या जागी त्या फळीवर बसवलेल्या बाईंना म्हणाले, "उद्यापासून तुम्ही त्या बाजूने बांधा. या उलट्या बाजूला ह्या बसतील."

आमच्या सुनेने तोवर नवा दोरा घेतला होता. दोऱ्याचं टोक तिच्या दातात होतं.