एकेचाळिसाव्या पानावरची चूक

एखाद्या बाईच्या पुस्तकाच्या अकरा आवृत्त्या निघाल्या, तर बडोद्यात तिचा सत्कार होतो. शाल-श्रीफळ मिळतं आणि अध्यक्ष पुस्तक न वाचता पाऊण तास भाषण ठोकतात. स्नेहलता सबनीसांच्या पुस्तकाच्या अकरा आवृत्त्या निघाल्या आणि दांडिया बाजारातल्या त्यांच्या शेजाऱ्यांनासुद्धा पत्ता नाही. कारण पुस्तकाचं नाव आहे ‘बोरू : वापरण्याची पद्धत’. आता अशा पुस्तकाचा सत्कार कोण करणार?

बोरू म्हणजे कॉम्प्युटरवर मराठी आणि गुजराती मजकूर लिहायचं साधन. रिफायनरीत नोकरी करणाऱ्या दिनकरराव मान्यांनी ते पंच्याण्णव साली, नोकरी सांभाळून, घरी बसून तयार केलं. मग अलकापुरीत दोन खोल्यांचं ऑफिस घेतलं आणि स्नेहलताबाई तिथे टायपिस्ट म्हणून लागल्या. पहिल्याच आठवड्यात दिनकरराव त्यांना म्हणाले, “बाई, हे चालतं झकास, पण कसं चालवायचं ते मला सांगता येत नाही. मी सांगायला लागलो की लोक घाबरतात. तुम्ही लिहून काढा.”

बाईंनी लिहून काढलं. डाव्या पानावर गुजराती, उजव्या पानावर मराठी, दोन्हींना नंबर एकच. सबनीसांच्या घरात संस्थानाच्या काळापासून दप्तर सांभाळायची सवय, त्यामुळे काटेकोरपणा रक्तातच होता. पण भाषा मात्र ओट्यापाशी उभं राहून बोलावी तशी. उचललेला मजकूर कॉम्प्युटर तात्पुरता जिथे ठेवतो, त्या जागेला काय म्हणायचं यावर दिनकरराव दोन दिवस डोकं खाजवत होते. बाई म्हणाल्या, “खिसा म्हणा की! खिशात घ्या, खिशातून काढा. लहान पोराला कळेल.” तेव्हापासून बोरूत खिसाच आहे.

आणि एक नियम होता. कुठलीही पायरी करून पाहिल्याशिवाय छापायची नाही. दिनकरराव मोठ्यानं वाचायचे आणि बाई तेवढंच करायच्या, एक बोट जास्त हलवायचं नाही. हात अडखळला की वाक्य बदलायचं. एका बाजूला प्रिंटर करकर करत पानं ओकायचा, दुपारी कोणीतरी झणझणीत सेव-उसळ आणायचं आणि रस्सा पानांवर सांडू नये म्हणून सगळे दाराबाहेर पायऱ्यांवर बसून खायचे. संध्याकाळी पुस्तकांची पार्सलं डेपोवर नेऊन डभोई, सावली अशा गावांच्या बसच्या कंडक्टरच्या हवाली करायची. ते दिवस बाईंना फार आवडायचे आणि ते संपले याचं त्यांना अजून वाईट वाटतं. हे आडवळणानं कशाला सांगायचं!

दिनकररावांना जाऊन चार वर्षं झाली. आता ऑफिस त्यांची मुलगी ईशानी बघते. मुलगी हुशार, शिवाय वागायला गोड. बाईंना ती लहानपणापासून काकू म्हणते. बाई बासष्ट वर्षांच्या झाल्या तरी नवं बोरू आलं की पुस्तक अद्ययावत करायला ईशानी त्यांनाच बोलावते. यंदाही बोलावलं, पण खुर्चीवर बसवल्या बसवल्या म्हणाली,

“काकू, एक तारखेला नवं बोरू येतंय, फोनवरसुद्धा चालेल. पुस्तकाचं म्हणाल तर... नाही केलंत तरी चालेल हं.”

“म्हणजे?”

“दोनशे बारा पानं आहेत, काकू. कोण वाचतं? मी चाळीस छोटे व्हिडिओ करून घेतेय. गेल्या वर्षी वेबसाइटवरून पुस्तक नऊ वेळा उतरवलं गेलं. त्यातल्या पाच वेळा मीच.”

“अगं, छापलेली गेली ना गावोगाव! तीन हजार तरी असतील.”

“गेली. पण वाचली का?” ईशानी हसत म्हणाली. “एक माणूस दाखवा मला. एकच. ज्यानं हे पुस्तक खरंच वाचलंय. लगेच छापायला देते.”

तिच्या मनात काही वाईट नव्हतं. पण बाई जिना उतरल्या त्या कठड्याला धरून. अठ्ठावीस वर्षं! एवढ्या वर्षांत हा प्रश्न आपल्याला कधी पडलाच कसा नाही, याचाच त्यांना राग आला. आणि मग हट्टाला पेटून त्यांनी ठरवलं की पुस्तक अद्ययावत करायचं ते करायचंच, पहिल्या पानापासून, प्रत्येक पायरी करून बघत.

मोठ्यानं वाचायला दिनकरराव नव्हते, म्हणून नवऱ्याला कामाला लावलं. देवेंद्रराव रेल्वेतून निवृत्त झालेले, घोषणा केल्यासारखं वाचायचे. तीन दिवस सुरळीत गेले. चौथ्या दिवशी एकेचाळिसावं पान आलं : मजकूर एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवणे.

“पायरी एक. मजकूर निवडा,” देवेंद्रराव गरजले. बाईंनी निवडला. “पायरी दोन. निवडलेला मजकूर पुसा.” बाईंनी पुसला. “पायरी तीन. मजकूर खिशात घ्या.”

“कुठला मजकूर? तो तर गेला! अहो, नीट वाचा.”

“अगं, नीटच वाचतोय. हे बघ.”

बाईंनी पुस्तक ओढून घेतलं. छापलेलं तसंच होतं. आधी पुसा, मग खिशात घ्या. आधी खिशात घ्यायचं, मग पुसायचं, हे लहान पोरालाही कळावं. आणि इथे उलट! डाव्या पानावर गुजरातीतही उलटच. त्यांनी कपाटातून सगळ्या आवृत्त्या काढून जमिनीवर मांडल्या. पहिल्या तीन बरोबर. चौथीपासून, म्हणजे दोन हजार एक सालापासून, अकरावीपर्यंत चूक. मग आठवलं. चौथीच्या वेळी बायंडर दारात उभा होता, घाई झाली होती, आणि बाईंनी त्या पानावरच्या ओळी इकडच्या तिकडे हलवल्या होत्या. मजकूर हलवायचा कसा ते शिकवणाऱ्या पानावरचाच मजकूर हलवताना चुकला! आणि नुसतं तेवढं पान करून बघायचं राहून गेलं होतं; पुढच्या आवृत्त्यांना तर बदललेली पानंच तेवढी करून बघायची. त्या काळच्या बोरूत पुसलेलं परत आणायची सोयही नव्हती.

देवेंद्रराव समजूत काढायला गेले. “बावीस-तेवीस वर्षांत एक तरी तक्रार आली का? नाही ना? मग झालं तर.”

“काय झालं?” बाई कडाडल्या. “अहो, कळतंय का तुम्हाला? चूक एवढी ढळढळीत, आणि तक्रार एक नाही! याचा अर्थ कोणी वाचलंच नाही. ईशानी म्हणते ते खरं आहे. मी इतकी वर्षं भिंतीशी बोलत होते.” आणि त्या ढसाढसा रडल्या. देवेंद्ररावांनी चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जुनी वही काढली. कोणाकोणाला पुस्तक गेलं, त्यांचे पत्ते त्यात होते. फोन लावायला सुरुवात केली. निम्मे नंबर बंद. सावलीच्या एका प्रेसच्या जागी आता मोबाइलचं दुकान होतं. एका शाळेत कारकून म्हणाला, कसलं पुस्तक? अकरा फोन झाल्यावर बाईंनी वही मिटली. पण वहीत डभोईच्या एका छापखान्याचं नाव होतं, तिथे पूर्वी सर्वांत जास्त पार्सलं गेली होती, आणि त्याचा फोनच लागत नव्हता. “जाऊन येते,” बाई म्हणाल्या. “नाहीच निघालं काही, तर निदान मनाची खात्री होईल.” आणि सकाळच्या बसनं त्या डभोईला गेल्या.

छापखाना जागेवर होता. बाहेर कंकोत्र्यांचे, म्हणजे लग्नपत्रिकांचे, नमुने टांगलेले, आत तीन मुली कॉम्प्युटरवर बसलेल्या आणि गल्ल्यापाशी पन्नाशीच्या एक बाई. वहीत नाव होतं निरुपमाबेन, त्या ह्याच. स्नेहलताबाईंनी आपलं नाव सांगितलं, तर त्या उभ्याच राहिल्या.

“सबनीसबेन? पुस्तकवाळां?”

मागच्या फळीवरून त्यांनी पुस्तक काढलं. चौथी आवृत्ती. मूळचं कव्हर गेलेलं, वर मेणकापड शिवलेलं. स्नेहलताबाईंनी एकेचाळिसावं पान उघडलं. दोन आणि तीन नंबरच्या पायऱ्यांवर लाल पेननं बाण काढून अदलाबदल केलेली होती. समासात गुजरातीत मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : आधी खिशात, मग पुसा.

“तुम्हाला माहीत होतं?” बाईंनी विचारलं.

“बधाने खबर छे, बेन!” निरुपमाबेन हसल्या. सगळ्यांना ठाऊक आहे. सावलीच्या प्रेसला, शाळेला, सगळ्यांना त्यांनी या पानाची झेरॉक्स दिली होती.

“मग मला का नाही कळवलंत?”

“तमने खोटुं लागे ने!”

तुम्हाला वाईट वाटलं असतं ना! घ्या आता. तालुक्यातल्या सगळ्या टायपिस्टांना माहीत, आणि जिनं लिहिलं तिलाच तेवढं माहीत नाही, कारण तिला वाईट वाटू नये. स्नेहलताबाईंना हसावं की रडावं कळेना. चहा आला. आणि चहा घेता घेता निरुपमाबेननी पुढची हकिगत सांगितली.

दोन हजार दोन साली निरुपमाबेन इथे नव्यानं कामाला लागल्या होत्या. तिसराच दिवस. एका म्हाताऱ्या मास्तरांनी आपल्या गावाची हकिगत लिहून आणली होती, त्यातली अकरा पानं शेवटून उचलून सुरुवातीला घ्यायची होती. निरुपमाबेननी पुस्तक समोर उघडलं आणि बोट ठेवून एकेक पायरी केली. अकरा पानं गेली. मालक सगळ्यांदेखत ओरडला. दोन दिवस बसून त्यांनी ती पुन्हा टाइप केली.

“मला वाटलं, मीच ढ,” त्या म्हणाल्या. “पुस्तक कसं चुकेल? छापलेलं होतं. पुढे दोन वर्षं मी मजकूर हलवलाच नाही, बेन. काही इकडचं तिकडे करायचं झालं की सगळं पहिल्यापासून टाइप करायची. गुपचूप. कोणाला कळू नये म्हणून.”

दोन वर्षांनी सावलीचा एक माणूस मदतीला आला होता. त्यानंही पुस्तक बघून तेच केलं आणि त्याचाही मजकूर गेला. तेव्हा निरुपमाबेनच्या डोक्यात प्रकाश पडला. मग त्या दोघांनी आणखी एक काम केलं. दुसरीकडे कुठे चूक असली तर पुन्हा कोणाचं नुकसान नको, म्हणून आख्खं पुस्तक, पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत, करून पाहिलं. तीन महिने लागले.

स्नेहलताबाईंनी पानं उलटली. प्रत्येक पायरीपुढे लाल पेनची बारीक टिकची खूण. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. एकही पायरी सुटलेली नव्हती.

“बाकी एक चूक निघाली नाही हं,” निरुपमाबेन अभिमानानं म्हणाल्या. “एवढं चांगलं पुस्तक, एका चुकीसाठी काय पत्र लिहायचं! या तिन्ही मुलींना मी यावरूनच शिकवलं. नव्या बोरूचं कधी येणार? नाहीतर म्हणाल की व्हिडिओ बघा. व्हिडिओवर मी टिक कुठे करू?”

चूक माझी होती, तुमची नव्हती, एवढंच स्नेहलताबाईंना म्हणायचं होतं. पण त्याऐवजी त्यांनी पुस्तकच मागितलं. निरुपमाबेननी ते थोड्या दिवसांसाठी उसनं दिलं आणि परत नक्की आणा म्हणून तीनदा बजावलं.

संध्याकाळी ते मेणकापडातलं पुस्तक ईशानीच्या टेबलावर होतं. तिनं पाच पानं उलटली, दहा उलटली, मग एकेचाळिसावं. बाईंनी सगळं सांगितलं, ती दोन वर्षंसुद्धा. ईशानीचा चेहरा उतरला. बाबा गेल्यानंतर ती ऑफिसात कधी रडली नव्हती, तिनं नाक पुसलं आणि म्हणाली, “काकू, किती दिवसांत द्याल? छापू या.”

बारावी आवृत्ती वीस दिवसांत तयार झाली. छापायच्या आधी ईशानीनं शेवटची नजर टाकली आणि एकेचाळिसाव्या पानावर थांबली. तिथे पायऱ्यांच्या खाली चार ओळी होत्या.

“काकू, मॅन्युअलमध्ये असं कोणी लिहितं का?”

“कोणी लिहीत नाही. तू छाप.”

पहिली प्रत डभोईला गेली, बरोबर ते उसनं पुस्तकही. दोन दिवसांनी दुपारी निरुपमाबेनचा फोन आला. पुस्तक मिळालं, म्हणाल्या. एकेचाळिसावं पान पाहिलं, म्हणाल्या. त्या पानावर डावीकडे गुजरातीत आणि उजवीकडे मराठीत छापलं होतं : ‘चौथ्या ते अकराव्या आवृत्तीत या पानावर दुसरी आणि तिसरी पायरी उलट छापली होती. ती चूक लिहिणारीची होती. हे वाचून ज्यांचा मजकूर गेला, त्यांचं काहीही चुकलं नव्हतं. त्यांची मी माफी मागते.’

“बेन,” निरुपमाबेन पुढे म्हणाल्या, “आज मुलींना मी हे मोठ्यानं वाचून दाखवलं. दोनदा.”