वडशाच्या स्टुडिओतली काळी खिडकी

आम्ही तिघं कुठल्याही लग्नात भेटलो की ताटातलं जेवण गार होतं. आम्ही म्हणजे दिवाकरभाऊ, सुहास आणि मी. कोणी नुसतं "रोटेट" म्हणायचा अवकाश, एकामागून एक किस्से निघतात आणि शेवटी आचारी येऊन विचारतो की तुम्हाला वाढायचं की नाही. वडशाला दिवाकरभाऊंच्या फोटो स्टुडिओत आम्ही जी वर्षं काढली, त्यांनी आम्हाला दिलं काय? चष्मे, पाठदुखी आणि हे किस्से. चष्म्याचे नंबर अजून वाढताहेत.

डिजिटल कॅमेरे नुकतेच आले होते. भाऊंनी हौसेने कॉम्प्युटर घेतला, पण फोटो सुधारायचा मोठा प्रोग्राम त्याला झेपायचा नाही. तो उघडेपर्यंत चहा व्हायचा, आणि उघडला की लोडशेडिंग सुरू व्हायचं. मग नागपूरला इंजिनियरिंगला असलेल्या माझ्या मामेभावाने एका सीडीवर फुकटचा प्रोग्राम आणून दिला. त्यात बटणं नाहीत, चित्रं नाहीत. काळी खिडकी उघडायची आणि इंग्रजीत एक ओळ टाइप करायची, की अमुक फोटो घे, एवढा लहान कर, तमुक नावाने ठेव. एंटर मारलं की काम झालं. वीज गेली तरी बॅटरीवर चार कामं उरकायची. आम्ही तिघंही त्या खिडकीला लवकरच कंटाळलो, आणि तिच्याशिवाय आमचं एक दिवसही चालेना.

*

सगळ्यात आधी घाबरलं ते गिऱ्हाईक. कुरखेड्याकडचे एक शेतकरी पासपोर्ट फोटो काढायला आले. फोटो काढून झाला, मी खिडकी उघडून भराभर टाइप करायला लागले. ते थोडा वेळ बघत राहिले, मग भाऊंना बाहेर घेऊन गेले आणि हळूच म्हणाले, "मॅडम माह्याबद्दल काय लिहून राह्यल्या?"

भाऊंनी समजावलं की लिहीत नाहीत, तुमचा फोटो लहान करताहेत. त्याने ते जास्तच बिथरले. आपल्याला लहान का करायचं, आणि तेही न विचारता, हा त्यांचा प्रश्न होता. शेवटी त्यांनी फोटो कॅमेऱ्यात होता तेवढाच मागितला. तेवढा तर आमच्या कागदावरही मावत नव्हता.

त्या दिवसापासून भाऊंनी नियम केला. आधी गिऱ्हाइकाला स्क्रीनवर त्याचा चेहरा दाखवायचा, त्याला पाणी द्यायचं, आणि मगच खिडकी उघडायची. "मान्साले पयले सोताले पाहू द्या," भाऊ म्हणायचे. "मंग अंधार करा."

*

थंडी पडली की वडशात नाटकांचा हंगाम. झाडीपट्टीतल्या, म्हणजे आमच्या भागातल्या, नाटक कंपन्यांची ऑफिसं गावात उघडायची, गावोगावचे लोक नाटक ठरवायला यायचे आणि आमच्याकडे पोस्टरं यायची.

एका कंपनीच्या पोस्टरवर सगळ्या नटांचे चेहरे गोल कापून बसवायचे होते. मी बसवले. संध्याकाळी नायक आला आणि माझा चेहरा जरा मोठा करा म्हणाला. केला. त्यात अवघड काही नव्हतं, ओळीतला एक आकडा बदलायचा. तो गेल्यावर नायिका आली. मग खलनायक आला. तो बिचारा फार नम्र होता, म्हणाला की नायकापेक्षा मोठा नको, पण विनोदी नटापेक्षा तरी करा. मग विनोदी नट आला. त्यांचा मुक्काम आठवडाभर गावातच होता, त्यामुळे ते रोज येत राहिले आणि मी आकडे बदलत राहिले.

शेवटी मॅनेजर पोस्टर न्यायला आला, तेव्हा त्यावर नुसते चेहरे होते. प्रयोग कोणत्या गावी, हे लिहायला बोटभर जागा उरली नव्हती. मी विचारलं, आता कोणाला लहान करू ते तुम्हीच सांगा.

मॅनेजरने एकेक चेहरा निरखून पाहिला. प्रत्येकाबरोबर त्याला पुढचा सगळा हंगाम काढायचा होता.

"गाव राहू द्या," तो म्हणाला. "गाववाल्यायले आपलं गाव माहीतच हाये."

*

एटापल्लीकडच्या एका शाळेचे गुरुजी मुलांच्या ओळखपत्रांसाठी फोटो घेऊन आले. पहाटेपासूनच्या बसने हाडं खिळखिळी झालेली. काही फोटो त्यांनी कॅमेरा उभा धरून काढले होते, काही आडवा धरून. त्यामुळे निम्मी मुलं स्क्रीनवर बसलेली आणि निम्मी आडवी पडलेली.

हे काम सुहासकडे होतं. सुहासला एकेक फोटो उघडायचा भारी कंटाळा. त्याने अख्ख्या फोल्डरला एकच हुकूम दिला, रोटेट. पडलेली मुलं उठून बसली आणि बसलेली आडवी झाली. त्याने उलटा हुकूम दिला. जे होतं तेच परत आलं. तिसऱ्यांदा बसलेली मुलं उलटी टांगली गेली आणि पडलेली नुसती दुसऱ्या कुशीवर वळली. दुपार अशी गेली. गुरुजी बाकावर मान टाकून झोपले होते.

त्यांना उठवून सुहासने सांगितलं की सर, काही केलं तरी अर्धी मुलं झोपलेलीच राहताहेत.

गुरुजींनी डोळे चोळत स्क्रीनकडे पाहिलं. "वर्गातबी असंच हाये," ते म्हणाले, आणि खुर्ची ओढून एकेका मुलाचं नाव सांगत सुहासजवळ बसले.

*

काळ्या खिडकीत दोन प्रकारचे हुकूम असायचे. एक मूळ फोटो तसाच ठेवून नवी प्रत काढायचा. दुसरा मूळ फोटोच बदलून टाकायचा, मागे काही उरत नसे. सुहासने एकदा एका लग्नाच्या सगळ्या फोटोंवर दुसरा हुकूम चालवला. मांडव, वरात, सप्तपदी, सगळं पोस्टाच्या तिकिटाएवढं झालं. कॅमेऱ्याचं कार्ड आधीच पुसलेलं.

भाऊ कोणावर ओरडले नाहीत. शर्ट बदलला, कॅमेरा घेतला आणि स्वतः नवरीच्या सासरी गेले. मलाही सोबत नेलं, कारण बाई बरोबर असली की लोक जरा कमी बोलतात, असं त्यांना वाटायचं. तसं झालं नाही. सासरे बोलले, दीर बोलले, शेजारचेही येऊन बोलून गेले. भाऊ खाली मान घालून ऐकत राहिले. सगळ्यांचं बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं की नवरानवरीने परत ते कपडे घातले तर चालेल का.

महिना होऊन गेला होता. शालू निघाला, फेटा निघाला, अंगणात दोघांना उभं केलं. भाऊ कॅमेऱ्यातून बघत होते आणि त्यांना काहीतरी चुकतंय असं वाटत होतं. मग त्यांच्या लक्षात आलं. लग्नाच्या दिवशी ही मुलगी एकदाही हसली नव्हती, आणि आता तिचं हसू थांबत नव्हतं. फोटो जुन्यासारखा यावा म्हणून भाऊ म्हणाले, ताई, जरा गंभीर व्हा, लग्नातल्यासारख्या.

तिने नवऱ्याकडे पाहिलं. "कशी होऊ भाऊ? तवा मी यायले वळखत नोती."

*

आणि नामदेवबाबा. हा किस्सा लग्नात सांगत नाही.

तलावात मासे धरणारे म्हातारे गृहस्थ. बायको लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेली होती. जत्रेत रंगीत पडद्यापुढे काढलेला तिचा एक फोटो होता. त्यांना स्वतःचा फोटो तिच्याशेजारी जोडून एका फ्रेममध्ये हवा होता. अशी कामं नेहमीची. मी जोडून दिला.

काही दिवसांनी ते फ्रेम घेऊन परत आले. म्हणाले, घरी जो येतो तो विचारतो, बाबा, ही तुमची पोरगी का? मग समोर बसून त्यांनी विचारलं, "बाई, तिले माह्याएवढी म्हातारी करता येते का?"

मी म्हटलं, प्रयत्न करते. केसांपुरता चौकोन निवडायचा, त्यातला रंग कमी करायचा, उजेड थोडा वाढवायचा. दर वेळी नवी प्रत निघायची, आधीची तशीच राहायची. बाबा खुर्ची ओढून जवळ आले. मी म्हातारपण अंदाजाने करत होते, त्यांना ते माहीत होतं. म्हणाले, केस कानाजवळून पिकवा, तिच्या मायचे तिथूनच पिकले होते. कपाळावर रेघा कमी ठेवा, ती फार विचार करणारी नव्हती. डोळ्यांखाली मात्र करा, धुराची चूल होती घरात. एक दात त्यांनी पाडायला सांगितला, मग थोडं थांबून नको म्हणाले.

भाऊ आणि सुहास आपापलं काम सोडून मागे येऊन उभे राहिले होते.

शेवटची प्रत त्यांना पटली. मग त्यांनी विचारलं की आधीच्या सगळ्या गेल्या का. मी म्हटलं, नाही, सगळ्या आहेत.

"मंग पयल्यापासून दाखवा."

मी जत्रेतला फोटो उघडला आणि एकेक प्रत पुढे नेत गेले. ती पडद्यापुढे तशीच उभी होती, आणि केस कानाजवळून पांढरे होत होते, गाल उतरत होते, डोळ्यांखाली सावली येत होती. बाबांनी परत पहिल्यापासून मागितलं. या खेपेला मी सावकाश नेलं.

शेवटचा फोटो आला. बाबा गुडघ्यांवर हात टेकून उठले, पायात चपला सरकवल्या आणि स्क्रीनकडे वळून म्हणाले,

"चाल वो. घरी जाऊ."