सुधीरच्या फ्रिजमधलं दुसरं पेन

“दूसरा पेन किसके पास है? अरे बोलिए, दूसरा पेन!”

पानिपतच्या एका इस्पितळात, इमर्जन्सीमध्ये, डॉक्टरीणबाई माझ्यावर ओरडत होत्या. वयाने माझ्या मुलीएवढ्या, आवाज मात्र थेट दिल्लीपर्यंत पोचेल असा. माझ्या हाताला ग्लुकोजची सलाईन लावलेली, आणि जीभ इतकी जड की तोंडात कुणी गादी कोंबली असावी. ‘दोन पेनं’ एवढंच कसंबसं बोललो होतो.

बाईंच्या हातात माझं वजन कमी करायचं इंजेक्शन होतं. ते जाडजूड पेनसारखं दिसतं, म्हणून त्याला सगळे पेनच म्हणतात. त्यांनी नखाने वरचं लेबल सोललं. खाली दुसरं लेबल निघालं. इन्सुलिनचं.

“हायपोग्लायसेमिया,” त्या माझ्या बायकोला, नंदाला म्हणाल्या. म्हणजे रक्तातली साखर एकदम तळाला जाणं. “थोड़ी और देर होती, तो...”

दुसरं पेन फरीदाबादला होतं, नंदाच्या धाकट्या भावाच्या, सुधीरच्या फ्रिजमध्ये. आणि आम्ही मेहुण्या-मेहुण्यांनी ठरवलं होतं, संक्रांतीच्या सकाळी दोघांनी आपापल्या घरी, एकाच वेळी टोचायचं. आज तीच सकाळ होती.

आधी सांगतो, दोष मूळ औषधाचा नाही. माझं वजन असं, की दिल्लीत मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत मी लिफ्टमध्ये शिरलो की बाकीचे लोक “चलो, आज एक्सरसाइज” म्हणत जिन्याकडे वळत. गुडघे एवढे वाजायचे, की मेट्रोत लोक नुसत्या आवाजावर जागा द्यायचे. वजन उतरल्याशिवाय गुडघ्याचं ऑपरेशन नाही, असं हाडांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. मधुमेहाच्या डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन लिहून दिलं. पण मिळेल तर शपथ! पूर्व दिल्लीतला एक केमिस्ट मी सोडला नाही. सगळीकडे एकच उत्तर, “अंकल, माल पीछे से ही नहीं आ रहा.”

तेव्हा सुधीरने आपल्या जिमच्या ट्रेनरकडून दोन पेनं पैदा केली, एक मला, एक स्वतःच्या ढेरीसाठी. बिल नाही, खोकं नाही, मंडईतल्या मिरच्यांसारखी प्लास्टिकच्या पिशवीत. “दाजी, बिल्कुल ओरिजिनल! आणि सुईला कसलं भ्यायचं? मुंगी चावते तेवढंच.”

संक्रांतीला आमची मराठी मंडळी बस करून काला अंबला जातात, पानिपतच्या लढाईत पडलेल्यांना नमस्कार करायला. निघण्याआधी मी पोटात सुई टोचली आणि नाश्ता टाळला. वाटेत मुरथलच्या ढाब्यावर सगळ्यांनी लोण्यात पोहणारे पराठे हाणले. मी एकटा बसमध्ये ऋषीमुनींसारखा बसून राहिलो. तिळगुळाचा डबा समोरून फिरत होता, मी हात जोडून पुढे धाडत होतो. वर्षभर अबोला धरलेल्या देशपांडेकाकूंनी स्वतः तिळगूळ पुढे केला, तोही मी परत केला. संक्रांतीला तिळगूळ नाकारणारा मी मराठी मुलखातला पहिलाच इसम असेन.

पानिपतला उतरलो तेव्हा धुकं असं, की स्वतःचे बूट दिसत नव्हते. त्या थंडीत मला घाम फुटला. एवढा, की यमुनेने हेवा करावा. हात थरथरू लागले. म्हणे मी बसच्या ड्रायव्हरकडे घोडा मागितला. नंदाने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि तिळगूळ सरळ तोंडात कोंबला. “गोड नंतर बोला, आधी गिळा!”

मी अजून शुद्धीवर होतो म्हणून गिळू शकलो. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालायचं नाही, त्याला घेऊन इस्पितळ गाठायचं, हे डॉक्टरीणबाईंनी नंतर दहादा बजावलं. आणि शुद्धीवर असेल, तर लाडूपेक्षा साखरेचं पाणी बरं.

तिकडे फरीदाबादला सुधीर फोन उचलेना. त्याची बायको पुण्याला माहेरी गेलेली, घरात तो एकटा. नंदा पुन्हा पुन्हा नंबर लावत होती. ज्या भावाला तिने कडेवर घेऊन वाढवलं, त्याच्या नावापुढची ती रिंग वाजून वाजून बंद पडायची. मी पडल्या पडल्याच तेहेतीस कोटी देवांना नवस बोललो. शेवटी त्याच्या शेजारच्या भाटियाजींना फोन लागला. त्यांनी दार ठोठावलं. (ही गोष्ट मी सांगतो तेव्हा ते दार फोडतात.) मग फोनवर त्यांचा आवाज आला, “सो रहा था जी, बिल्कुल ठीक है! पेन फ्रिज में पड़ा है, हाथ भी नहीं लगाया.”

नंदा माझ्या स्ट्रेचरच्या कडेवर बसली आणि त्या दिवसात पहिल्यांदा रडली.

दोन्ही पेनं आम्ही तक्रारीसकट औषध निरीक्षकांकडे दिली. खरं औषध यायला बराच वेळ लागला. तोवर डॉक्टरांनी दुसऱ्या गोळ्यांवर भागवलं, जे मी आधीच विचारायला हवं होतं. आता बिलासकट, गार पिशवीतून पेन येतं, आणि मात्रा डॉक्टर ठरवतात. पहिले काही दिवस मळमळलं, पण वजन हळूहळू उतरतंय. परवा लिफ्टमध्ये माझ्यासोबत चक्क दोघं आले! ऑपरेशनची बोलणी सुरू आहेत. तुम्हालाही केमिस्टकडे औषध मिळत नसेल, तर डॉक्टरांकडे परत जा. जिम, पार्लर, व्हॉट्सअ‍ॅप, कुठूनही घेऊ नका. त्या डॉक्टरीणबाईंना मी रोज मनातल्या मनात तिळगूळ देतो.

गेल्या रविवारी सुधीर जेवायला आला. त्या सकाळचा विषय तो नेहमी टाळायचा. मी त्याला धरून बसवलं आणि भाषण ठोकलं. बहिणीची पुण्याई, आईचे आशीर्वाद, काला अंबच्या वीरांनी धुक्यातून येऊन धरलेला हात, सगळं सगळं आणलं. माझेच डोळे भरून आले. “खरं सांग, सुधीर, त्या क्षणी तुला कुणी थांबवलं?”

सुधीरने ताटातली भाकरी मोडली.

“दाजी, मला सुईची भीती वाटते.”