माझ्या गाळ्याची किल्ली

पोलीस ॲक्शन होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. करमाडहून येऊन मी शहागंजात वह्या-दौतींचं दुकान थाटलं. इमारत जुनी, दुमजली, दगडी कमानींची. खाली सात गाळे. गाळा मला वरच्या मजल्यावर बसणाऱ्या मुनशीनं दिला. मालक कोण, हे मी विचारलंच नाही. कमानी बघून मीच ठरवून टाकलं, कोणीतरी नवाब असणार. शहाणपणा तेव्हा माझ्या अंगात उतू जात होता.

जिन्याखाली एक म्हातारा हबशी टांग्यांचे लगाम शिवत बसे. काळाकभिन्न, कुरळे पांढरे केस, आणि सगळ्या गाळ्यांच्या किल्ल्या कमरेला. सकाळी दुकानदार आपापल्या दारासमोर उभे राहत आणि तो एकेक कुलूप स्वतःच्या हातानं उघडून देई. 'त्यांचा हात लागला की बरकत ऱ्हाती,' शेजारचा अत्तरवाला म्हणे. मला वाटे, चौकीदाराचे काय हे लाड! 'चाचा, हात चालवा, गिऱ्हाईक खोळंबलंय,' असं मी खुशाल ओरडत असे. एकदा तर कागदाचे गठ्ठे त्याच्या डोक्यावर दिले. त्यानं मुकाट्यानं आत आणून ठेवले.

मग रस्ता रुंद करायचं निघालं. कमानी पाडायच्या म्हणून त्यांवर खुणा झाल्या. दुकानदारांत अक्षर माझंच बरं, तेव्हा अर्ज मी लिहिला, आणि झोकात लिहिला: 'ही वास्तू एका थोर नवाबाने बांधली.' खाली इथल्या माणसांची यादी, यादीच्या तळाशी 'एक हबशी चौकीदार'. मालकाच्या सहीची जागा कोरी ठेवून मी म्हाताऱ्याला म्हणालो, 'चाचा, हे मुनशीकडं द्या. मालकाला पाठवायचंय.'

त्यानं हातातला दाभण खाली ठेवला, चष्मा लावला आणि अर्ज सावकाश वाचला. मग माझाच टाक घेऊन 'एका थोर नवाबाने' खोडलं, वर लिहिलं 'लगाम शिवणाऱ्या हबशांनी', आणि कोऱ्या जागेवर सही केली.

मला आधी हसूच आलं. अत्तरवाल्याकडं पाहिलं, तर तो हसत नव्हता.

'अवो, मालक हायेत ते. त्यांच्या आज्यानं बांधली ही. तुमाला ठावं नव्हतं व्हय?'

हे शहर एका हबशी वजिरानं वसवलं, हे मी गिऱ्हाइकांना मोठ्या तोंडानं ऐकवत असे. आणि इथं रोज माझं दार उघडणारा माणूस मला दिसला नव्हता. त्या गठ्ठ्यांची आठवण झाली आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

'चाचा, कधी बोलला नाहीत?' मी कसंबसं म्हणालो.

'तुमे कब्बी पूछेच नै.'

यादीतली शेवटची ओळ खोडायला मी टाक उचलला. त्यांनी कागद ओढून घेतला. 'रहने दो. तुमारे हाताचं हाय.' अर्ज तसाच गेला.

रात्रभर एकच धाकधूक, उद्या ते माझं कुलूप उघडतील ना? सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन दारापाशी उभा राहिलो. त्यांनी एकेक करत सहा कुलपं उघडली. माझ्यापाशी आले, कमरेच्या जुडग्यातून एक किल्ली सोडवली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

'ये आपकी. अब आपीच खोला करो.'

आवाजात राग नव्हता. ते जिन्याखाली जाऊन बसले.

कमानी वाचल्या. सगळ्यांनी माझ्या अक्षराचं कौतुक केलं. ते होते तोवर रोज सकाळी त्यांनी सहा कुलपं उघडली. सातवं मी उघडत असे, त्यांच्याकडं पाठ करून.